रानमूग कीं रानउडीद?

आश्विनांत पाऊस उघडला म्हणजे सह्याद्रीच्या उतारावरील गवत कमरेएवढें उंच झालेलें असतें, आणि त्या गवताच्या आधारानें एक नाजूक वेल जागोजागीं चढलेला दिसतो. त्याचें पान तीन पर्णिकांचें, फूल पिवळें, आणि शेंग काडीसारखी बारीक व पिकल्यावर काळी. वाटेनें जाणाऱ्या कोणासही त्याचें नांव विचारलें तर तो न थांबतां ‘रानमूग’ असें म्हणून पुढें जातो. आम्हीही शाळेंत तीस वर्षें हेंच उत्तर देत आलों. दरसाल मुलांची सहल डोंगरावर न्यावी, एक शेंग तोडून त्यांच्यापुढें धरावी, आणि ‘आपल्या घरांतील मुगाचा हा रानांत राहिलेला पूर्वज’ असें मोठ्या दिमाखानें सांगावें, हा आमचा नित्यक्रम होता. त्या शेंगांपैकीं पुष्कळशा मुगाच्या नव्हत्याच, हें आम्हांस सेवानिवृत्तीनंतर कळलें. आणि तेंही घरच्याच एका मुलाची दोन वर्षें वायां घालवून कळलें. ती हकीकत सांगण्यास संकोच वाटतो, तथापि ती सांगितल्याखेरीज पुढील विवेचनास अर्थ नाहीं.

आमचा एक पुतण्या कृषिशास्त्राचा पदवीधर असून कडधान्यांवर संशोधन करितो. कांहीं वर्षांमागें दिवाळीस घरीं आला असतां त्यानें फराळाच्या पाटावरच विषय काढला. “काका, आपल्या डोंगरावर रानमूग अजून आहे ना? मला त्याचें बीं हवें आहे.” कारण विचारतां त्यानें सांगितलें तें असें कीं, शेतांतील मुगावर हल्लीं पिवळा मोझॅक नांवाचा रोग फार पडतो. पांढरी माशी तो एका रोपावरून दुसऱ्यावर नेते, पानें हळदीसारखीं पिवळीं पडतात, आणि शेंगा धरतच नाहींत. घरांतील साठ्यास भुंगा लागतो तें तर प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. एरंडेलाचा हात फिरवा, राख मिसळा, बिब्बे घाला, तरी चैत्रापर्यंत निम्म्या दाण्यांस भोकें पडलेलीं असतात. या दोन्हीं संकटांस तोंड देण्याची शक्ति रानांतील कांहीं वाणांत आढळलेली आहे. मादागास्कर बेटावरील रानमुगाचा एक नमुना जपानी शास्त्रज्ञांनीं १९८०च्या दशकांत तपासला, तेव्हां कडधान्याचा भुंगा त्याच्या दाण्यांत वाढूंच शकत नाहीं असें दिसून आलें. ‘टीसी १९६६’ या नांवानें तो नमुना आज मुगावर काम करणाऱ्या सर्वांस परिचित आहे. आपल्या सह्याद्रींतील रानमुगांत असें कांहीं दडलें आहे काय, हें पुतण्यास पाहावयाचें होतें.

आम्हांस आनंद झाला. निवृत्त शिक्षकास कोणी कांहीं मागणें हीच मुळीं दुर्मिळ गोष्ट! दुसऱ्याच आठवड्यांत पहांटे उठून आम्ही डोंगरावर गेलों. पहांटे जाण्याचें कारण असें कीं, या रानटी शेंगा पिकल्यावर ऊन लागतांच तडकतात, दोन्हीं सालें पिळवटतात व दाणे उडून जातात; दंव आहे तोंवरच त्या हातीं लागतात. तीन दिवसांत आम्हीं ओंजळभर बीं गोळा केलें, एका पिशवींत भरलें, आणि आमच्या वळणदार बाळबोध अक्षरांत वर ‘रानमूग’ असें लिहून तें पाठविलें. ओंजळींतील थोडें बीं घरीं एका डबींत ठेविलें होतें. तेंच पुढें उपयोगी पडलें.

दोन वर्षांनीं पुतण्याचें पत्र आलें. त्यानें आमच्या बियांपासून वाढविलेल्या वेलांचा पराग शेतांतील मुगाच्या कळ्यांवर टाकिला होता. मुगाचें फूल स्वतःच्याच परागानें फळतें. म्हणून संकर करावयाचा तर कळी उमलण्याच्या आदले दिवशीं चिमट्यानें आंतील पुंकेसर काढावे लागतात व मग परका पराग लावावा लागतो. बहुतेक कळ्या गळून पडतात, थोड्या टिकतात. अशा कष्टानें मिळालेले दाणे त्यानें दुसऱ्या वर्षीं पेरिले. कांहीं रोपें चांगलीं फळलीं. परंतु कांहीं मुळांतच रोगट निघालीं, त्यांस फुलें आलीं पण शेंगा धरेनात. पराग तपासला तर तो वांझ. त्याच्या मार्गदर्शकांनीं कुंड्यांतील मूळ वेलांच्या शेंगा पाहिल्या आणि एका वाक्यांत निकाल दिला कीं, यांतील निम्मे वेल मुगाचे नसून उडदाचे आहेत. मूग व उडीद दोहोंचींही गुणसूत्रें बावीसच. पण जाति भिन्न. मुगास मातृस्थानीं ठेवून उडदाशीं संकर साधतो, परंतु त्याची संतति बहुधा वांझ निघते. सगळे वेल एकाच नांवाखालीं नोंदलेले असल्यामुळें कोणत्या कळीस कोणाचा पराग लागला हें आतां सांगतां येईना, आणि दोन वर्षांची वही बाजूस ठेवावी लागली. शिष्यवृत्तीची मुदत तर संपत आलेली. पत्रांत आम्हांस दोष देणारा एकही शब्द नव्हता. ‘पिशवीवर आपलें अक्षर होतें, म्हणून मीं पुन्हा तपासलें नाहीं’ एवढेंच त्यानें लिहिलें होतें. हें वाक्य आम्हांस जितकें लागलें तितकें कोणाचें खडसावणेंही लागलें नसतें.

तें पत्र आम्हीं माजघरांत वाचून दाखविलें. आमच्या मातोश्रींनीं नव्वदी ओलांडली आहे; दृष्टि मंद झाली, तरी सूप हातीं घेतलें म्हणजे त्यांच्या बोटांस डोळे फुटतात. त्या ऐकून म्हणाल्या, “अरे, दाण्याचा डोळा नाहीं का बघितलास? उडदाचा डोळा पांढरा असतो आणि त्याला कांठ असतो. मुगाचा सपाट. निवडतांना मुगांत उडीद आला तर आम्ही काय रंग बघून काढतो?” आम्हीं डबी आणिली. सूनबाईंनीं दाणे ताटांत पसरले, नातवानें आपल्या मोबाइलचा कॅमेरा वर धरून एकेक दाणा मोठा करून दाखविला, आणि अर्ध्या तासांत ताटांत दोन ढीग झाले. संस्कृत घेऊन मॅट्रिक झालेल्या व तीस वर्षें वनस्पतींचीं नांवें शिकविलेल्या गृहस्थास जें जमलें नाहीं तें माजघरानें इतक्या सहज केलें. त्या दिवशीं आम्हीं चहा निमूटपणें घेतला.

आमची चूक मूळ कोठें झाली याचा आम्हीं पुढें विचार केला. दोष थोडासा आमच्या संस्कृताचाही आहे. चरकसंहितेंत जीवनीय म्हणून ज्या दहा औषधी सांगितल्या आहेत त्यांत मुद्गपर्णी व माषपर्णी या दोन वनस्पति शेजारीं शेजारीं येतात. मुद्ग म्हणजे मूग, माष म्हणजे उडीद. तेव्हां मुद्गपर्णी म्हणजे रानमूग व माषपर्णी म्हणजे रानउडीद, आणि हेच मुगाचे व उडदाचे पूर्वज, असें आम्हीं तरुणपणींच ठरवून टाकिलें. पण शब्दाकडे नीट पाहिलें असतें तर त्यानेंच आम्हांस सावध केलें असतें. हा बहुव्रीहि आहे: मुगासारखीं पानें जिचीं ती. पर्ण, पुष्प, फल, मूल असे शब्द शेवटीं येणाऱ्या वनस्पतींच्या नांवांस स्त्रीप्रत्यय कसा लागतो याचा पाणिनीनें स्वतंत्र नियमच सांगितला आहे, आणि तो आम्हीं शेंकडों वेळां मुलांकडून घोकून घेतला आहे. ‘मुगासारखें पान असलेली’ ही वनस्पति मूग असती तर तिला ‘सारखी’ कोण म्हणाला असता? नांव देणाऱ्यानें सादृश्य सांगितलें, आम्हीं त्याचें तादात्म्य केलें.

वस्तुतः हल्लीं मुद्गपर्णी म्हणून जी ओळखिली जाते ती निराळीच वनस्पति आहे. शास्त्रांत तिला विग्ना ट्रायलोबाटा म्हणतात. ती जमिनीसरशी पसरते, डोंगरमाथ्यापेक्षां खालच्या मोकळ्या जागीं व बांधांवर अधिक दिसते, आणि तिची प्रत्येक पर्णिका तीन खंडांत कापल्यासारखी असते. एकदां पाहिली म्हणजे पुन्हा चुकत नाहीं. कोशांत तिला काकमुद्गा व सहा अशींही नांवें आहेत. माषपर्णी तर विग्ना कुळींतीलही नव्हे. टेराम्नस लेबियालिस असें तिचें नांव. तिचें फूल अगदीं बारीक, आणि शेंगेच्या टोकास वर वळलेला आंकडा असतो. बाजारांत व बोलण्यांत मात्र या दोघींसही रानमूग व रानउडीद हींच नांवें चालतात. म्हणजे रानमूग म्हणून निदान दोन आणि रानउडीद म्हणून निदान दोन, अशा चार वनस्पति दोन नांवांत कोंबल्या गेल्या आहेत. वैद्यांनीं मागविलेली वस्तु व शेतकी शास्त्रज्ञानें मागविलेली वस्तु एकच असेल असें मानूं नये.

आमच्या समाधानापुरती एक गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. या घोटाळ्यांत आम्ही एकटे नव्हतों. मोठमोठे पंडितही आमच्या पंगतीस आहेत. विल्यम रॉक्सबर्ग यांचा ‘फ्लोरा इंडिका’ हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १८३२ सालीं निघाला. त्यांत या रानवेलास त्यांनीं फॅसिओलस सबलोबाटस, म्हणजे ‘किंचित् खंडित पानांचा’, असें एकच नांव दिलें. त्यापुढें सुमारें दीडशें वर्षें मुगाचा व उडदाचा असे दोन्हीं रानटी वेल त्याच एका नांवाखालीं वनस्पतिसंग्रहांच्या कागदांवर चिकटविले जात होते. १९७३ सालीं अरोरा, चांदेल व जोशी या भारतीय शास्त्रज्ञांनीं ‘करंट सायन्स’ या नियतकालिकांत या एका नांवाखालीं केवढी विविधता आहे हें दाखविलें, आणि १९८० सालीं ल्युकोकी, मारेशाल व ओतूल यांनीं उडदाचा रानटी पूर्वज निराळा काढून त्यास विग्ना मुंगो सिल्व्हेस्ट्रिस असें नांव दिलें. मुगाच्या पूर्वजाकडे सबलोबाटा हें जुनें नांव राहिलें. म्हणजे आम्ही शाळेंत जें शिकलों तें त्या काळच्या पुस्तकांस धरूनच होतें. परंतु १९८० नंतर शिकविलेल्या वर्षांस ही सबब लागू पडत नाहीं, हेंही कबूल केलें पाहिजे.

नांवांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक मौज. शास्त्रीय भाषेंत ‘मुंगो’ हें नांव उघडउघड आपल्या ‘मूग’ शब्दावरून आलेलें आहे. परंतु आज तें कोणास आहे? उडदास! मूग बिचारा विग्ना रेडिएटा झाला. लिनियसनें १७५३ सालीं एकास व १७६७ सालीं दुसऱ्यास नांव दिलें, आणि पुढील ग्रंथकारांत कोणी मुंगो म्हणजे मूग समजे, कोणी उडीद. जुन्या इंग्रजी पुस्तकांत ‘मुंगो’ हा शब्द आला तर तें वाक्य मुगाविषयीं आहे कीं उडदाविषयीं, हें लेखकाच्या वर्णनावरूनच ताडावें लागतें. ‘विग्ना’ हें सतराव्या शतकांतील एका इटालियन वनस्पतिपंडिताचें आडनांव आहे. मूग व उडीद या कुळांत अनुक्रमें १९५४ व १९५६ सालीं आले. रेडिएटा म्हणजे किरणांप्रमाणें पसरलेली. एका दांड्याच्या टोकापासून चहूंकडे पसरलेल्या मुगाच्या शेंगा ज्यानें पाहिल्या आहेत त्यास हें नांव तरी सार्थ वाटेल.

शेंगांच्या या ठेवणीपासूनच ओळखण्यास आरंभ करावा असें आमचें मत झालें आहे. रानमुगाची शेंग पिकतां पिकतां आडवी पसरते किंवा खालीं लवते. रानउडदाची शेंग दांड्यावर ताठ, आकाशाकडे तोंड करून उभी राहते. शेतांतील मूग व उडीद शेजारीं लावून पाहिले तरी हा भेद दिसतो. रानांत तो अधिक ठसठशीत असतो. मात्र हिरव्या कोंवळ्या शेंगेवरून निर्णय करूं नये. कोंवळेपणीं सगळेच ताठ असतात.

दुसरें लक्षण लवेचें. रानउडदाच्या शेंगेवर लांब व दाट लव असते. ती गालाला लावली तर गुदगुल्या होतात. रानमुगाची लव आंखूड, सालीस चिकटलेली, बोट फिरविल्यावर नुसती खरखर जाणवावी इतकी. येथें एक इशारा देणें अवश्य आहे. त्याच झुडुपांवर खाजकुइलीचाही वेल असतो, व तिची शेंगही मखमलीसारखी दिसते. ती जाड असते, एस या इंग्रजी अक्षरासारखी वांकलेली असते, आणि जाणता मनुष्य तिला कधींही हात लावीत नाहीं. लवेची परीक्षा करण्याच्या नादांत पहिल्या वर्षीं आम्हीं तो लावला. दोन दिवस आमचे हात शेणानें माखलेले होते, एवढें सांगणें पुरे.

शेंग रानउडदाची आंखूड व कमी दाण्यांची, रानमुगाची लांब, सडपातळ व अधिक दाण्यांची. फुलाचा रंग रानमुगांत फिकट, हिरवट झांक असलेला पिवळा. रानउडदांत स्वच्छ, तेजस्वी पिवळा. हें लक्षण सकाळीं दोन्हीं फुलें शेजारीं धरलीं तरच उपयोगी. एकटें फूल पाहून रंगाचा वाद करूं नये, नाहीं तर घरांत जेवढीं माणसें तेवढीं मतें निघतात. पानांवर तर मुळींच विसंबूं नये. रॉक्सबर्गसाहेबांनीं नांवच पानावरून ठेविलें, पण एकाच वेलावर खालचीं पानें अखंड व वरचीं किंचित् खंडित अशीं आम्हीं स्वतः पाहिलीं आहेत. सांवलींतील वेल व उन्हांतील वेल यांच्या पानांत तर दोन जातींच्या पानांत पडणार नाहीं इतका फरक पडतो.

सर्वांत खात्रीचें लक्षण दाण्याचें, आणि तें मातोश्रींनीं सांगितलेंच आहे. दाणा शेंगेला जेथें चिकटलेला असतो त्या जागेस आपण डोळा म्हणतों. उडदाचा डोळा मध्यें खोलगट असतो व त्याच्या भोंवतीं उचललेला कांठ असतो, जणूं लहानशा होडीची कड. मुगाचा डोळा सपाट, दाण्याच्या पृष्ठाशीं बरोबरीचा. रानांतील दाणे बारीक असतात. शेतांतल्या मुगाच्या शंभर दाण्यांचें वजन तीन ते सात ग्रॅम भरतें, रानमुगाचें दोन ग्रॅमही भरत नाहीं. म्हणून भिंग लागतें, पण साधें हातभिंग पुरतें. त्याच भिंगांतून पृष्ठ पाहावें: रानमुगाच्या सालीवर बारीक रेघांचें जाळें असल्यामुळें दाणा मंद व खरबरीत दिसतो, रानउडदाचा त्या मानानें गुळगुळीत. रंग दोहोंचाही काळा-तपकिरी ठिपकेदार असल्यामुळें रंगानें कांहींच कळत नाहीं.

ज्यांस आणखी खात्री करावयाची असेल त्यांनीं बीं पेरून पाहावें. हा प्रयोग मुलांसही फार आवडतो. रानटी दाण्यांचें साल इतकें कठीण असतें कीं नुसतें भिजत घातल्यास बहुतेक दाणे गणंगासारखे तसेच राहतात. डोळ्याच्या विरुद्ध बाजूस पॉलिश-कागदावर दोन-चार वेळां घांसून मग भिजवावें, म्हणजे एका रात्रींत फुगतात. मुगाचा किंवा उडदाचा वेल असेल तर डाळिंब्या मातीच्या वर येतात, आणि पहिलीं दोन पानें समोरासमोर, देठावांचून बसलेलीं असतात. मुद्गपर्णीच्याही डाळिंब्या वर येतात, पण तिच्या पहिल्या पानांस देठ असतो. सह्याद्रींत पिवळ्या फुलांची आणखी एक विग्ना आहे, डाल्झेलियाना नांवाची. गिब्सन यांच्यासह १८६१ सालीं ‘बॉम्बे फ्लोरा’ लिहिणारे डाल्झेल, त्यांचें हें नांव. तिच्या डाळिंब्या मातीखालींच राहतात, वर नुसता कोंब येतो. या परीक्षेनें मूग-उडीद एकमेकांपासून वेगळे निघत नाहींत हें खरें. परंतु बाकीचे तोतये आठ दिवसांत गळून जातात.

खंडाळ्याच्या बाजूस राहणाऱ्या वाचकांसाठीं एक शब्द अधिक. तेथें विग्ना खांडालेन्सिस म्हणून एक मोठी वनस्पति होते. ती वेल नसून बहुतांशीं ताठ उभी राहते, पुरुषाच्या छातीपर्यंत वाढते, व देठाच्या बुडाशीं असलेलीं तिचीं उपपर्णें चांगलीं मोठीं, पानासारखीं असतात. फादर सांतापाव या स्पॅनिश जेझुइट पाद्र्यांनीं खंडाळ्याच्या वनस्पतींचा ग्रंथ १९५३ सालीं प्रसिद्ध केला. या वनस्पतीस खंडाळ्याचें नांव त्यांनींच दिलें. ती महाराष्ट्रांतील सह्याद्रीखेरीज अन्यत्र कोठें सांपडत नाहीं. हिच्याविषयीं घोटाळा होण्याचें कारण नाहीं. पण आमच्या एका स्नेह्यांनीं तिलाच ‘मोठा रानमूग’ म्हणून आणून दिलें होतें, म्हणून लिहिलें. गुलाबी-जांभळ्या फुलाची व जमिनींत कंद धरणारी विग्ना व्हेक्सिलाटाही याच उतारांवर असते. तिचे कंद डोंगरांतील लोक खातात. फुलाच्या रंगावरूनच ती वेगळी पडते.

एवढी चिकित्सा कशासाठीं, असें कोणी विचारील. आमचेंही मन कधीं कधीं विचारतें. मूग ही वस्तु आपल्या घरांत बाळाच्या पहिल्या वरणापासून आजाऱ्याच्या कढणापर्यंत चालते. दक्षिणेंतील ताम्रपाषाणयुगाच्या वसाहतींत मुगाचे व उडदाचे जळालेले दाणे निघाले आहेत. म्हणजे तीन हजार वर्षांहून अधिक काळ हीं दोन्हीं धान्यें इकडे पिकत आहेत. मुगाची समग्र जनुकावली २०१४ सालीं वाचून झाली. परंतु पेरतां पेरतां, निवडतां निवडतां शेतांतील दाणा मोठा व मऊ झाला, आणि रोगांशीं व भुंग्यांशीं झुंजण्याचें जें सामर्थ्य होतें त्यांतील पुष्कळसें मागें रानांत राहिलें. तें परत आणावयाचें तर रानांतील मूग रानांत असला पाहिजे, आणि तो मूगच आहे हें ओळखणारा कोणी असला पाहिजे.

पहिल्या अटीविषयींच आतां शंका वाटूं लागली आहे. ज्या पूर्व-उतारावर आम्ही मुलांस नेत असूं, तेथें आतां तारेचें कुंपण आहे व डोंगर कापून बंगल्यांसाठीं सपाट केला आहे. आमच्या टिपणांप्रमाणें लवलेल्या शेंगांचे वेल मुख्यतः त्याच उतारावर होते. पलीकडच्या ओढ्याच्या बाजूस ताठ शेंगांचे पुष्कळ आहेत, पण लवलेल्या शेंगांचे शोधावे लागतात. फाल्गुनांत वणवा लागतो, वर्षाकांठीं शेरडें चरतात, हें सर्व पूर्वींही होतेंच. त्यांतून हा वेल दरसाल वर आला, कारण त्याचें कठीण बीं मातींत कित्येक महिने निद्रिस्त राहतें. परंतु मातीच उचलून नेली तर बियांनीं काय करावें?

गेल्या कार्तिकांत आम्ही पुन्हा गेलों. या वेळीं सूनबाई बरोबर होत्या व नातूही. ओंजळींत बीं गोळा करण्याचा जुना प्रकार सोडून दिला. प्रत्येक वेलाच्या शेंगा निराळ्या कागदी पाकिटांत घातल्या. पाकिटावर नांव घालावयाचें नाहीं, फक्त आंकडा, व वहींत त्या आंकड्यापुढें शेंगेची ठेवण, लव, फूल दिसल्यास त्याचा रंग, आणि घरीं आल्यावर भिंगांतून पाहिलेला डोळा. एकेचाळीस पाकिटें झालीं. त्यांपैकीं सव्वीस निःसंशय उडदाचीं, बारा निःसंशय मुगाचीं. तीन मात्र अशीं निघालीं कीं शेंग लवलेली, लव लांब, आणि डोळ्यास कांठ आहे म्हणावें तर आहे, नाहीं म्हणावें तर नाहीं. सूनबाई म्हणाल्या, “नाना, हीं तीन वेगळींच ठेवूं. त्यांवर प्रश्नचिन्ह घाला.” आमच्या हातून आयुष्यांत प्रश्नचिन्ह मुलांच्याच पाट्यांवर पडत आलें आहे, आपल्या नोंदीवर तें घालतांना पेन अंमळ अडखळलें, पण घातलें.

पुतण्यास मुदत वाढवून मिळाली आहे. एकेचाळीस पाकिटें पोंचल्याचें त्यानें कळविलें, आणि प्रश्नचिन्हांचीं तीन आपण सर्वांआधीं पेरणार असें लिहिलें. शेतांतील पिकांच्या आसपास रानटी व घरचे वेल एकमेकांशीं मिसळून मधलेच प्रकार होतात. हे त्यांतील असतील, किंवा आमच्याच पाहण्यांत चूक असेल, असें त्याचें म्हणणें. आषाढांत पेरलेल्या त्या बियांचे कोंब आतां कुंड्यांत वर आले आहेत. डाळिंब्या मातीबाहेर आहेत, पहिलीं दोन पानें देठावांचून आहेत, एवढेंच गेल्या पत्रांत होतें. शेंगा धरण्यास आश्विन उजाडेल. मातोश्री दर आठवड्यास विचारतात, “डोळा दिसला का रे?”